इंजिन याचं, चेसिस त्याची

कॉलेजच्या पार्किंगमध्ये अशी एक तरी गाडी असतेच. टाकी आरएक्स १०० ची, पुढचे शॉकअप पल्सरचे, मागचा चिमटा कुठल्या तरी केटीएमचा, सीट नाक्यावरच्या कुशनवाल्याने शिवलेली आणि टेललॅम्प ऑनलाइन मागवलेला. भोवती पाच-सहा जण उभे. प्रश्न ठरलेले. ‘किती पळते?’, ‘किती गेले?’, ‘आवाज ऐकव ना!’ मग एक किक, धुराचा लोट, लांबून वॉचमनची शिट्टी आणि सगळे खूश. मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही.

आधीच सांगून टाकतो, मी या गाड्यांच्या बाजूचा आहे. चार गाड्यांचे पार्ट गोळा करून पाचवी उभी करायची, यात जे शिकायला मिळतं ते शोरूमची चावी हातात घेऊन मिळत नाही. पण माझ्या दोन तक्रारी आहेत. एक तुमच्याबद्दल आहे. तुम्ही पैसे भलत्याच टोकाकडून खर्च करायला सुरुवात करता. दुसरी कायद्याबद्दल आहे. मनापासून गाडी बांधणारा पोरगा आणि रात्री दोन वाजता सायलेन्सरमधून फटाके फोडणारा पोरगा, दोघांना तो एकाच रांगेत उभं करतो. दोन्ही तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, त्यामुळे जरा मागून सुरुवात करतो.

इन्स्टावर ज्याला तुम्ही ‘कॅफे रेसर’ म्हणता, तो प्रकार इंग्लंडचा. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर ‘एस कॅफे’ नावाचं हॉटेल होतं, अजूनही आहे. पन्नास-साठच्या दशकात कामधंद्याला नुकतीच लागलेली पोरं तिथे गाड्या घेऊन जमायची. त्यांच्यातली सगळ्यात मानाची गाडी कुठल्याच कंपनीची नव्हती. तिचं नाव ट्रायटन. ट्रायम्फमधला ‘ट्राय’ आणि नॉर्टनमधला ‘टन’.

झालं होतं असं, की १९५० मध्ये नॉर्टनने आपल्या रेसच्या गाडीसाठी नवी चेसिस आणली. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने ती बनवली होती. हॅरोल्ड डॅनिएल हा रेसर ती चालवून आला आणि म्हणाला, पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटलं. तेव्हापासून तिचं नाव ‘फेदरबेड’ पडलं. त्याच वर्षी ज्यॉफ ड्यूकने या चेसिसच्या नॉर्टनवर आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी जिंकली. आता गंमत बघा. त्याच काळात ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग कारना नॉर्टनचं मँक्स इंजिन हवं होतं आणि कंपनी नुसतं इंजिन विकायला तयार नव्हती. मग कारवाले अख्खी मोटरसायकल विकत घ्यायचे, इंजिन काढून कारमध्ये टाकायचे आणि उरलेली चेसिस विकून मोकळे व्हायचे. दुसरीकडे ट्रायम्फचं दोन सिलिंडरचं इंजिन मुबलक मिळायचं. ते ताकदवान होतं, उघडायला सोपं होतं आणि त्याचे स्पेअर कुठेही मिळायचे. पण ट्रायम्फची चेसिस वळणावर डुलायची. एकाची चेसिस भारी, दुसऱ्याचं इंजिन भारी. मधे हव्या होत्या फक्त इंजिन पकडणाऱ्या चार प्लेटा. पोरांनी त्या बनवल्या.

चेसिस पडून होती म्हणून वापरली, हे खरंच. पण पडून होती ती जगातली त्या वेळची सगळ्यात चांगली चेसिस! आपल्याकडे ‘मित्राच्या गॅरेजमध्ये पडून होतं’ म्हणून जे बसवलं जातं, त्याबद्दल असं म्हणता येईल का? बघा तुम्हीच. ट्रायटन नुसती हॉटेलसमोर मिरवायची गाडी नव्हती, हेही सांगायला हवं. १९६५ मध्ये डेव्ह डेगन्सने स्वतः बांधलेली ट्रायटन बार्सिलोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवली आणि जिंकली. चोवीस तास! आपल्या पार्किंगमधली गाडी पुण्याहून लोणावळ्यापर्यंत नटबोल्ट न सांडता जाईल का, यावर पैजा लागतात.

इटलीतल्या रिमिनीची बिमोटा तर याच धंद्यावर उभी राहिली. मासिमो तांबुरिनी हा तिच्या तीन संस्थापकांपैकी एक, मूळ धंदा घरं गरम ठेवणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे पाइप वाकवण्यात हात बसलेला. १९७२ मध्ये मिसानोच्या ट्रॅकवर तो आपली होंडा सीबी ७५० घेऊन पडला, बरगड्या मोडल्या आणि बरा झाल्यावर त्याने त्याच होंडाच्या इंजिनाभोवती स्वतःची चेसिस बांधली. त्यातून ‘एचबी १’ ही बिमोटाची पहिली गाडी आली. एच म्हणजे होंडा, बी म्हणजे बिमोटा. पुढे याच माणसाने डुकाटी ९१६ काढली.

आणि आपण? आपला देश यात मागे आहे असं कोणी म्हणालं तर त्याला सौराष्ट्रात पाठवा. तिथला छकडा बघा. तोंड बुलेटचं, मागे दोन चाकं, डिझेल इंजिन आणि वर बसलेलं अख्खं गाव. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचं शेतीचं अवजार जोडलं. ‘बुलेट सांती’ म्हणून ते ओळखलं जातं आणि त्याला अमेरिकेतलं पेटंटही मिळालं. खुद्द एनफिल्ड कंपनीने बुलेटच्या चेसिसमध्ये ग्रीव्ह्ज लोम्बार्डिनीचं ३२५ सीसीचं डिझेल इंजिन बसवून ‘टॉरस’ विकली. ताकद जेमतेम साडेसहा अश्वशक्ती, थरथर इतकी की आरशात मागचं काही दिसू नये, पण डिझेल पिण्यात ती फारच काटकसरी. ज्यांना रोज पन्नास किलोमीटर दुधाचे कॅन न्यायचे होते त्यांच्यासाठी ती सोन्यासारखी. या सगळ्या गाड्यांना ‘हे का केलं?’ असं विचारलं तर एका वाक्यात उत्तर मिळतं. वळणावर डुलू नये म्हणून. बैल परवडत नाही म्हणून. पेट्रोल परवडत नाही म्हणून.

तुमच्या गाडीला विचारलं तर काय उत्तर मिळेल?

‘दिसायला कडक’ हे उत्तर मी नाकारत नाही. दिसणंही महत्त्वाचं असतं, विशेषतः एकोणिसाव्या वर्षी. पण दिसण्यासाठी केलेल्या बदलाची बिलं भलतीकडे फाटतात. उदाहरण घ्या. जुन्या आरएक्सला नव्या गाडीचे जाड शॉकअप लावायचं तुमच्या मनात आहे. कोनसेट जुळत नाही, म्हणून खालच्या ‘टी’चा मधला रॉड प्रेसवर दाबून काढतात आणि जुन्या गाडीचा बसवतात. इथवर ठीक. पण नवे शॉकअप मूळपेक्षा आखूड निघाले तर? आरएक्सएवढ्या, म्हणजे साधारण १२५० मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीचं तोंड सव्वादोन सेंटिमीटर खाली बसलं की हँडलच्या दांड्याचा कल सुमारे एका अंशाने उभा होतो. एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण दांड्याची ती तिरकी रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात. मॉलमधल्या ट्रॉलीचं चाक जसं ढकलाल तसं आपोआप मागे वळून सरळ होतं ना, ते याच अंतरामुळे. मोटरसायकलला सरळ धरून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. ते असतं नऊ-दहा सेंटिमीटर आणि एका अंशात त्यातले पाच-सहा मिलिमीटर जातात. दोन अंश बदललात तर सेंटिमीटरच्या वर. तीसच्या वेगाने ‘हँडल किती हलकं झालंय राव’ म्हणून तुम्ही खूश होता. ऐंशीच्या वेगाने पुलाच्या सांध्यावरून गेलात की तेच हँडल डावी-उजवीकडे मान हलवायला लागतं आणि तेव्हा दुरुस्त करायला वेळ नसतो.

ब्रेकचंही तसंच. जुन्या चेसिसला पुढे मोठी डिस्क लावली की सगळ्यांना वाटतं, सेफ्टी वाढली. ड्रमपेक्षा डिस्क चांगली यात वाद नाही. पण तो पकडण्याचा जोर जातो कुठे? कॅलिपरमधून शॉकअपमध्ये, शॉकअपमधून टीमध्ये आणि टीमधून हेड पाइपच्या वेल्डिंगवर. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कोणीतरी ते वेल्डिंग ड्रम ब्रेकच्या हिशेबाने केलेलं आहे. मधल्या काळात गाडी किती वेळा पडली, किती जणांकडे फिरली, हेड पाइपजवळ रंगाखाली बारीक चीर आहे का, हे कोणी बघितलंय? रंग खरवडून बघायला एक संध्याकाळ पुरते. उलट्या बाजूने, इंजिन मोठं आणि ब्रेक जुनाच, हा तर निव्वळ आत्मघात. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे बारावीला लिहून मार्क मिळवलेत ना?

मागचा रुंद टायर हा तिसरा मोह. टायर चेनला घासतो, म्हणून स्पॉकेटखाली स्पेसर घालतात. मग पुढच्या आणि मागच्या स्पॉकेटची रेष चुकते, म्हणून चाकच बाजूला सरकवतात. मग चाक गाडीच्या मधोमध राहत नाही. हे तपासायला कुठलंही मशीन लागत नाही, एक लांब दोरा पुरतो. मागच्या टायरच्या दोन्ही अंगांना दोरा ताणून पुढच्या चाकापर्यंत न्या आणि दोन्हीकडचं अंतर मोजा. पार्किंगमधल्या त्या गाडीवर हा प्रयोग करून बघा. मालकाला आधी विचारा म्हणजे झालं.

आमच्या भागातल्या एमआयडीसीत एक लेथवाले काका आहेत. शाळा नववीपर्यंत. एका पोराने त्यांच्यापुढे दोन वेगवेगळ्या गाड्यांचा माल मांडला, चाक एकीचं आणि अ‍ॅक्सल दुसरीचा, आणि म्हणाला, ‘काका, हे चाक यात बसवून द्या.’ काकांनी व्हर्नियर लावलं, कागदावर आकडे लिहिले आणि विचारलं, ‘बेअरिंगच्या आतला स्पेसर कुठाय?’ पोराला तो असतो हेच माहीत नव्हतं. तो नसेल तर अ‍ॅक्सल आवळताना बेअरिंग आडवं दाबलं जातं आणि थोड्याच दिवसांत ओरडायला लागतं. काकांनी बुश वळून दिला, पैसेही माफक घेतले. तोच पोरगा पुढच्या आठवड्यात हेड पाइप कापून कल बदलायला आला, तेव्हा मात्र हात जोडले. ‘ते माझ्याकडे नको रे. मला रात्री झोप लागली पाहिजे.’ जोडगाडीतलं खरं ज्ञान दोन पार्टांच्या मधल्या जागेत असतं, आणि ती जागा भरणारा हा माणूस तुमच्या रीलमध्ये कधीच दिसत नाही.

म्हणून माझा पैशांचा क्रम वेगळा आहे. हाताशी पंचवीस हजार असतील तर त्यातले पहिले कोनसेट, चाकांची बेअरिंग, ब्रेक आणि चांगल्या टायरवर जाऊ देत. त्यानंतर वायरिंग. ते तर नवंच ओढा, कारण जोडलेल्या वायरींवर गुंडाळलेली काळी टेप ही पावसाळ्यापुरती श्रद्धा आहे. इंजिनाला हात त्यानंतर. रंग आणि सायलेन्सर सगळ्यात शेवटी, आणि तोवर पैसे उरले नाहीत तर उत्तमच.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाने करायचा नाही. केरळमधून आलेल्या एका खटल्यात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ बदललं. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही. दर बदलामागे, हे नीट वाचा. वर वर्णन केलेल्या गाडीचा हिशेब मनातल्या मनात करा. शिवाय विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि समोरच्या माणसाचा पाय मोडला असेल तर त्याच्या भरपाईसाठी तुमच्या वडिलांच्या दाराशी येऊ शकते.

नियमामागचं कारण मला पटतं. रस्ता सगळ्यांचा आहे. तुमचं हेड पाइप तुटलं तर तुम्ही ज्याच्यावर जाऊन आदळाल, त्याने कस्टम गाडीचा शौक केलेला नसतो. मला पटत नाही ते एवढंच, की नीट बांधलेली एकच गाडी तपासून पास करून घ्यायची सामान्य माणसाला परवडेल अशी वाट आपल्याकडे नाही. कंपनीने लाख गाड्या काढायच्या असतील तर एआरएआय आहे. पुण्याची पोरं ज्या टेकडीवर संध्याकाळी फिरायला जातात, तिच्या अंगावरच ही संस्था आहे. गाडी रस्त्यावर यायच्या लायकीची आहे की नाही, हे तिथे ठरतं. पण टेकडीखाली राहणाऱ्या एकट्या पोराने एकच गाडी बांधली, तर त्याने कोणतं दार वाजवायचं?

ब्रिटनमध्ये एकेका मोटरसायकलची स्वतंत्र तपासणी करून मंजुरी देण्याची पद्धत आहे. जोडून बांधलेल्या गाडीची मूळ ओळख शिल्लक आहे का, हे ठरवायला तिथे अनेक वर्षं गुणांची पद्धत वापरली गेली. मूळ ओळख टिकवायला आठ गुण लागायचे. त्यात चेसिसला पाच गुण. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ट्रान्समिशन वगैरेंना प्रत्येकी दोन. आणि इंजिनाला? एक! आपण ज्याच्यावरून भांडतो, ज्याचा सीसी सांगत फिरतो, त्याला फक्त एक गुण. मला हा तक्ता फार आवडतो. गाडी म्हणजे नक्की काय, याचा विचार केलेल्या माणसाने तो बनवलाय.

‘आपल्याकडे कोण तपासणार? आरटीओत आधीच गर्दी,’ हा आक्षेप खरा आहे. पण सीएनजी किट बसवून आरसीवर नोंद होते. अपंग व्यक्तींसाठी स्कूटरला मागे दोन जास्तीची चाकं लावली जातात, त्यालाही कायद्यात जागा आहे. म्हणजे गरज पटली की वाट काढता येते. ठरावीक फी, ड्रॉइंग, ब्रेक आणि आवाजाची चाचणी, वर्षातून ठरलेले काही दिवस, आणि तपासायला सरकारी तंत्रनिकेतनांची मदत. वर्षाला पन्नास गाड्या पास झाल्या तरी चालेल. पन्नास पोरं ट्रेलचं गणित करून आलेली असतील.

ही मागणी करायची तर तोंड स्वच्छ हवं, आणि ते खराब कोण करतं ते तुम्हाला माहीत आहे. पोलिसांनी रस्त्यावर ओळीने सायलेन्सर मांडून रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिलेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या. हॉस्पिटलखालून फटाके फोडत जाणाऱ्याला ‘बिल्डर’ म्हणणं बंद करा, त्याने फक्त एक जाळी काढून फेकलेली असते. दुसरा डाग बिनपावतीच्या मालाचा. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार असो की कुर्ल्याची भंगाराची दुकानं, स्वस्त इंजिन मिळतं तेव्हा ते कोणाच्या तरी पार्किंगमधून रात्रीत गेलेलं नाही ना, हे विचारायला जीभ जड होते. विचारा. मूळ गाडीच्या कागदाची प्रत मागा. देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगारच असतो.

तोवर करायचं काय? बरंच आहे. तुमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात बाहा किंवा फॉर्म्युला भारतचा संघ असेल तर तिथे रात्री जागा. फॉर्म्युलाच्या अनेक संघांच्या कारमध्ये केटीएम ३९० चं इंजिन बसलेलं असतं, म्हणजे ट्रायटनच की ती, आणि तीही कायदेशीर. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी हिरमुसू नये, वेल्डिंग धरायला आणि स्पॉन्सर शोधायला माणसं लागतातच. नाहीतर जुनी गाडी तिच्याच कंपनीच्या, तिच्याच मॉडेलच्या पार्टांनी मूळपदावर आणा. त्यातही पिस्टनपासून पॉइंटपर्यंत सगळं उघडावं लागतं आणि दंड शून्य. आणि अगदीच राहवत नसेल, तर जोडगाडी बांधा, पण अंगणात स्टँडवर उभी करा. रस्त्यावर न येणाऱ्या गाडीवर कल बदलून बघा, मोजा, पुन्हा बदला.

सुरुवात फुकटात होते. घरातली कुठलीही मोटरसायकल घ्या, आरसी हातात धरा आणि त्यावरचे दोन नंबर गाडीवर शोधा. इंजिनाचा नंबर क्रँककेसवर सापडेल. चेसिसचा बहुतेक गाड्यांत हँडलच्या खाली, हेड पाइपवर ठोकलेला असतो. हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, ओल्या फडक्याने चिखल पुसा आणि मोबाइलचा टॉर्च लावा. नंबर वाचून झाला की टॉर्च तसाच ठेवून जरा खाली बघा, जिथे पाइप आणि चेसिस जोडलेली आहे तिथे.